शर्यत हरलेले जेआरडी

जेआरडी टाटा म्हटले की आपल्यापुढे उभे राहतात ते भारतरत्न मिळालेले वयोवृद्ध उद्योगपती. 89 वर्षांचे आयुष्य लाभले आणि म्हातारपणाच्या मोठेपणाने तारुण्य झाकून टाकले. दुसऱ्या महायुद्धाआधीचे जेआरडी मात्र वेगाने झपाटलेले होते.

बालपणी फ्रान्समधल्या हार्डेलोच्या किनाऱ्यावर त्यांचे शेजारी होते लुई ब्लेरिओ, इंग्लिश खाडी विमानाने ओलांडणारे पहिले वैमानिक. तरुणपणी मुंबईत हाती बुगाटी आली. ना मडगार्ड, ना टप. ती ते अशी पिटाळत, की प्रकरण कोर्टापर्यंत गेले. तेव्हा गाठलेले वकील जॅक विकाजी. त्यांचीच पुतणी थेल्मा पुढे जेआरडींची पत्नी झाली.

शर्यती हा काही त्यांचा पेशा नव्हता. तरी 1930 ची एक शर्यत मला फार मोलाची वाटते. इंग्लंड आणि भारत यांमधले अंतर एकट्याने विमानातून पार करणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी आगाखानांनी 500 पौंडांचे बक्षीस लावले होते. ही शर्यत झाली तो मे महिना आम्हा सोलापूरकरांना वेगळ्याच कारणाने पाठ आहे. गांधीजींना अटक झाली, शहर पेटले, 8 तारखेला गोळीबार झाला आणि 12 तारखेला मार्शल लॉ पुकारला गेला. पुढच्या जानेवारीत आमचे चार हुतात्मे फासावर गेले.

त्याच मे महिन्यात जेआरडी कराचीहून इंग्लंडकडे निघाले होते. सतरा वर्षांचे एस्पी इंजिनियर उलट दिशेने येत होते. इजिप्तमध्ये अबुकीरला गाठ पडली, तर एस्पी स्पार्क प्लगअभावी अडकून पडलेले. जेआरडींनी आपल्याजवळचा जादा प्लग काढून दिला. एस्पींनी काही तासांच्या फरकाने शर्यत जिंकली. ते पुढे हवाई दलात गेले आणि 1960 मध्ये हवाई दलप्रमुख झाले. तो प्लग दिला नसता, तर जेआरडींना कोणी बोल लावला नसता. म्हणूनच ही हार मला त्यांच्या पुढच्या साऱ्या यशाहून मोठी वाटते.

15 ऑक्टोबर 1932 ला त्यांनी कराचीहून पस मॉथ विमानातून टपाल आणले. वाटेत अहमदाबादला इंधनाचे डबे बैलगाडीतून आले, आणि तेथून विमान मुंबईत जुहूला उतरले. बरोबर पन्नास वर्षांनी, वयाच्या 78 व्या वर्षी, जेआरडींनी जुन्याच बनावटीच्या लेपर्ड मॉथमधून तो प्रवास पुन्हा केला. नव्या पिढीत धाडसाची ठिणगी पडावी, एवढाच त्यामागचा हेतू होता.