भैरवगढच्या वाटेवरचे फलक

उज्जैन शहराच्या उत्तरेस, क्षिप्रेच्या काठी वसलेले भैरवगढ आपल्यापैकी बहुतेकांच्या परिचयाचे आहे. कोणी कालभैरवाच्या दर्शनाला, कोणी सिद्धवटावर पितृकार्यासाठी, कोणी पाहुण्यांना छापील चादरी घेऊन देण्यासाठी, तर आपल्या व्यवसायातील काही मंडळी केंद्रीय कारागृहातील बंद्यांच्या तपासणीसाठी या रस्त्याने अनेकदा गेलेली असतात. या काही किलोमीटरांच्या वाटेवर अडीच हजारांहून अधिक वर्षांचा इतिहास विखुरलेला आहे. तो वाटसरूला सांगण्याचे काम रस्त्याकडेच्या फलकांचे. त्यांनी काय सांगावे आणि कसे सांगावे, याविषयी काही विचार या स्मरणिकेच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवीत आहे.

विषय वैद्यकीय नाही हे खरे. परंतु त्याकडे पाहण्याची दृष्टी मात्र मी आपल्या व्यवसायातून उचलली आहे. रुग्णपत्रिका लिहिताना आपण तीन गोष्टी वेगवेगळ्या ठेवतो. रुग्णाने काय सांगितले, तपासणीत काय आढळले आणि त्यावरून आपण कोणते निदान केले. रुग्णाचे सांगणे आपण कधीच खोटे मानीत नाही. किंबहुना निदानाचा पहिला धागा तेथेच सापडतो. मात्र ते तपासणीच्या रकान्यात लिहीत नाही. ऐतिहासिक फलकांवर नेमकी हीच गल्लत होते. पुराणकथा, घराण्यातील परंपरा आणि पुरातत्त्वाचा पुरावा एकाच ओळीत, एकाच सुरात सांगितला जातो. परिणामी श्रद्धाळूला इतिहास कळत नाही आणि चिकित्सक माणूस खऱ्या इतिहासावरही अविश्वास दाखवू लागतो.

कालभैरव आणि एक पगडी

भैरवगढचे नाव ज्याच्यावरून पडले त्या कालभैरवाचेच उदाहरण घेऊ. स्कंदपुराणाच्या अवंतिखंडात या क्षेत्राचा महिमा वर्णिला आहे आणि मूळ मंदिर भद्रसेन राजाने बांधले असे परंपरा मानते. हा झाला पहिला रकाना. परिसरात परमारकालीन मूर्ती मिळालेल्या आहेत. आजच्या वास्तूवर मराठेकालीन घडणीची छाप दिसते. भिंतींवर एके काळी माळवा शैलीची चित्रे होती, त्यांच्या आता खुणाच उरल्या आहेत. हा दुसरा रकाना. जुन्या देवस्थानाच्या जागी मराठ्यांच्या काळात वास्तू नव्याने उभी राहिली असावी, हा तिसरा.

पानिपतच्या पराभवानंतर महादजी शिंदे यांनी गेलेले वैभव परत मिळावे म्हणून आपली पगडी कालभैरवाच्या चरणी वाहिली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ती परंपरा म्हणून अवश्य सांगावी. तिच्या शेजारी इतिहासात नोंदलेले काय आहे तेही सांगावे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर शिंदे घराण्याची मोठी हानी झाली. महादजी रणांगणातून निघाले असता एका पठाण स्वाराने पाठलाग करून त्यांच्या पायावर घाव घातला. त्या घावाने ते जन्मभर लंगडत राहिले. रस्त्यात पडलेल्या या जखमी सरदाराला राणेखान नावाच्या भिस्त्याने आपल्या बैलावर घालून सुरक्षित स्थळी पोहोचविले. पुढे महादजींनी त्याला भाऊ मानले आणि तो त्यांच्या फौजेतील नामांकित सरदार झाला. अवघ्या दहा वर्षांनी, १७७१ मध्ये, मराठी फौजांनी पुन्हा दिल्ली घेतली आणि त्यांत महादजी अग्रभागी होते.

आपण डॉक्टर मंडळी या प्रसंगाकडे वेगळ्या नजरेने पाहू शकतो. गुडघ्याजवळची उघडी जखम, कडाक्याची थंडी, उपासमार, आणि प्रतिजैविकांच्या पावणेदोनशे वर्षे आधीचा काळ. अशा अवस्थेत माणूस जगला, याचे श्रेय पहिल्या काही तासांत मदतीस आलेल्या त्या पाणक्याला द्यावे लागेल. पगडीची कथा सांगताना राणेखानाचे नाव गाळले, तर वृत्तांत अपुरा राहतो.

सिद्धवट आणि कालियादेह

सिद्धवटाविषयी सांगतात की, मोगल काळात हा वड तोडून त्यावर लोखंडी तवे ठोकण्यात आले. परंतु ते भेदून पुन्हा अंकुर फुटले. जखम भरून येण्याची ही कथा अनेक पिढ्यांनी मनाशी धरली आहे. तीही कथा म्हणूनच सांगावी. तेथून आणखी उत्तरेस, क्षिप्रेच्या पात्रातील बेटावर कालियादेहचा महाल आहे. तेथील कुंडांतून आणि दगडी पाटांतून नदीचे पाणी खेळविलेले आहे. माळव्याच्या खिलजी सुलतानांच्या काळातील या महालात अकबर आणि जहांगीर यांच्या मुक्कामाची नोंद करणारे फार्सी लेख आहेत. त्यांतील अकबरकालीन लेख १५९९-१६०० च्या सुमाराचा, म्हणजे दक्षिणेच्या स्वारीच्या वेळचा आहे. या वाटेवरचा फलक म्हणावा असा हा चारशे वर्षांपूर्वीचा मजकूर! कोण आले, केव्हा आले आणि कोठे निघाले होते, एवढे त्यातून कळते. चांगल्या फलकाकडून याहून फारसे अधिक मागावयाचे नसते.

जहांगीर बादशहाने १६१७ मध्ये उज्जैनजवळ राहणाऱ्या जदरूप गोसावी या संन्याशाची मुद्दाम भेट घेतली आणि आपल्या आत्मवृत्तात त्याच्याविषयी मोठ्या आदराने लिहिले. ज्या कोनाड्यासारख्या जागेत तो संन्यासी राहत असे, तिची मापेही बादशहाने नोंदविली. सिद्धवटाच्या कथेतील मोगल आणि गोसाव्यापुढे नम्र होणारा मोगल, दोघेही याच भूमीवरच्या आठवणीत आहेत. एकाची आठवण ठेवून दुसऱ्याला विसरणे वाचकाला अर्धवट माहिती देण्यासारखे आहे.

या महालाची पुढे पडझड झाली. १९२० च्या सुमारास माधवराव शिंदे यांनी त्याची दुरुस्ती करविली. त्याआधी, १७९२-९३ मध्ये, विल्यम हंटर नावाचा एक स्कॉटिश शल्यचिकित्सक ईस्ट इंडिया कंपनीच्या वकिलाबरोबर आग्र्याहून उज्जैनला आला होता. त्याने आपले प्रवासवर्णन लिहिले, वेधशाळेतील यंत्रांची बारकाईने नोंद केली आणि शहराच्या उत्तरेस जमिनीखाली गाडल्या गेलेल्या प्राचीन नगराविषयीही लिहून ठेवले. उज्जैनच्या अवशेषांचे तपासणीच्या रकान्यात बसेल असे एक आरंभीचे वर्णन एका डॉक्टरच्या हातून लिहिले जावे, याचा आपल्याला आनंद वाटला पाहिजे. पुढे १९५६-५८ मध्ये भारतीय पुरातत्त्व विभागाने गढकालिकेजवळच्या टेकाडावर उत्खनन केले. तेव्हा प्राचीन उज्जयिनीचा मातीचा प्रचंड तट आणि त्याभोवतीचा खंदक उजेडात आला. त्याचा आरंभ इसवी सनापूर्वी सातव्या-सहाव्या शतकापर्यंत मागे जातो. आज त्या बाजूने जाणाऱ्याला तो केवळ उंचवटा वाटतो. फलकाची खरी गरज अशाच ठिकाणी असते. देवळाचा कळस लांबून दिसतो. तट मात्र कोणी सांगितल्यावाचून दिसत नाही.

हातांचा इतिहास

राजे आणि देव यांच्याखेरीज भैरवगढचा तिसरा इतिहास छिपा कारागिरांचा. लाकडी ठशांची छपाई आणि मेणाचे बाटिक यांसाठी हे गाव देशभर ओळखले जाते. २०२३ मध्ये उज्जैनच्या बाटिक छपाईला भौगोलिक मानांकनही मिळाले. वितळलेले मेण कापडावर घ्यायचे, कापड थंड रंगात बुडवायचे, पुन्हा मेण, पुन्हा रंग, आणि शेवटी उकळत्या पाण्यात मेण काढून टाकायचे. मेणाला पडलेल्या तड्यांतून रंग झिरपतो आणि त्या बारीक रेषा कापडावर उमटतात. तड्यांची तीच जाळी या कामाची सही आहे.

माझ्याकडे येणाऱ्या भैरवगढच्या रुग्णांचे हात पाहूनच मी त्यांचा व्यवसाय ओळखत असे. रंग आणि सोडा यांच्या सततच्या संपर्काने जाड होऊन भेगाळलेली त्वचा, गरम मेणाचे लहान-लहान डाग. पिढ्यान्‌पिढ्यांचे कौशल्य आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा त्रास एकाच तळहातावर वाचावयास मिळे. या घरांपुढे एक फलक हवा. त्यावर काम कसे चालते ते चार ओळींत लिहावे, म्हणजे दोनशे रुपयांसाठी घासाघीस करणारा पाहुणा क्षणभर तरी थांबेल.

फलक कसा असावा

सरकारी संरक्षित स्मारकांपाशी निळा फलक असतो. १९५८ च्या कायद्यान्वये स्मारक राष्ट्रीय महत्त्वाचे घोषित झाले आहे आणि त्याची नासधूस करणारास शिक्षा होईल, हे तो सांगतो. २०१० च्या दुरुस्तीने ती शिक्षा दोन वर्षांपर्यंतचा कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी कडक झाली. धाक आवश्यक आहेच. पण ज्याचे मोल ठाऊक नाही त्याची जपणूक केवळ धाकाने होत नाही. धोक्याची सूचना म्हणजे औषधाची माहिती नव्हे.

चांगल्या फलकाचा नमुना दूर शोधावयास नको. आपल्याच वेधशाळेत यंत्रांपाशी संगमरवरी पाट्या आहेत. सम्राट यंत्र काय मोजते ते वाचावे आणि त्याच क्षणी सावली पाहून पडताळावे! सवाई जयसिंहाने उभारलेली ही वेधशाळा मोडकळीस आली होती. गोविंद सदाशिव आपटे यांच्या आग्रहावरून माधवराव शिंदे यांनी १९२३ मध्ये तिचा जीर्णोद्धार करविला आणि आपटेच तिचे पहिले अधीक्षक झाले. ग्वाल्हेर संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचा पाया घालणारे मो. बा. गर्दे, आणि १९५७ मध्ये भीमबेटका जगापुढे आणणारे, कायथ्याचा शोध लावणारे आपल्या उज्जैनचे डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर, ही सर्व मराठी माणसे. माळव्यात आपल्या समाजाने तलवारीइतकेच लेखणी आणि कुदळीनेही काम केले, हे पुढच्या पिढीला कोणत्या फलकावर वाचावयास मिळेल?

वैद्यकातील एक प्रसिद्ध फलक येथे आठवतो. कोलकात्याच्या एसएसकेएम रुग्णालयाच्या आवारातील रॉस स्मारक १९२७ चे आहे. या दारापासून आग्नेयेस सत्तर यार्डांवरच्या लहानशा प्रयोगशाळेत रोनाल्ड रॉस यांनी १८९८ मध्ये हिवतापाचा प्रसार डासांमुळे कसा होतो हे शोधून काढले, असा त्यावरील मजकुराचा आशय आहे. अंतर, दिशा, वर्ष, व्यक्ती आणि शोध. एकही विशेषण अनावश्यक नाही. तरीही रॉस यांना साहाय्य करणाऱ्या किशोरीमोहन बंद्योपाध्याय यांचे नाव त्या मजकुरात नाही. उत्तम फलकही कोणाला तरी वगळतो. म्हणून मजकूर ठरविताना नेहमी विचारावे की, येथला राणेखान कोण?

नमुन्यादाखल कालभैरवासाठी मी पुढील मजकूर सुचवितो. ‘स्कंदपुराणाच्या अवंतिखंडात या क्षेत्राचा महिमा आला आहे. परिसरात परमारकालीन मूर्ती मिळाल्या असून आजच्या वास्तूवर मराठेकालीन घडणीची छाप आहे. पानिपतच्या पराभवानंतर महादजी शिंदे यांनी येथे पगडी अर्पण केली, अशी परंपरा आहे. पानिपताहून परतताना जखमी महादजींचे प्राण राणेखान या भिस्त्याने वाचविले.’ चार वाक्ये. श्रद्धेला धक्का नाही आणि पुराव्याशी प्रतारणाही नाही.

आता काय करावे

२०२८ चा सिंहस्थ समोर आहे. रस्ते रुंद होत आहेत, नवे घाट आणि नवी बांधकामे उभी राहत आहेत. अशा वेळी जुने दगड हलतात आणि नव्या पाट्या घाईने लागतात. एकदा लागलेली पाटी एक पिढी तरी तशीच राहते आणि तिच्यावरची चूक हळूहळू इतिहास बनते. म्हणून जे करावयाचे ते आताच.

माझी आपल्या मंडळाला नम्र सूचना अशी की, भैरवगढच्या वाटेवरील पाच स्थळे निवडावीत. कालभैरव, सिद्धवट, छिपा वस्ती, गढचा तट आणि कालियादेह. विद्यापीठातील इतिहास व पुरातत्त्व विभागाच्या जाणकारांकडून मजकूर तपासून घ्यावा, संबंधित कार्यालयांची रीतसर परवानगी मागावी, आणि फलक हिंदी, इंग्रजी व मराठीत असावेत. महाराष्ट्रातून येणाऱ्या असंख्य यात्रेकरूंना आपल्या भाषेतील चार ओळी वाचून किती आनंद होईल! फलकावर देणगीदारांची नावे मात्र नसावीत. असलीच तर अगदी खाली, लहान अक्षरांत.

समाजबांधवांना आणखी एक विनंती. आपल्यापैकी अनेकांच्या घरी जुन्या पेट्यांत मोडी कागद पडून आहेत. सनदा, हिशेब, पत्रे. ते वाचणारी पिढी जवळजवळ संपली आहे आणि आपली मुले शिक्षण-नोकरीनिमित्त दूर गेली आहेत. हे कागद रद्दीत देण्यापूर्वी एकदा जाणकाराला दाखवावेत, निदान त्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत. भैरवगढच्या एखाद्या फलकाचा दुसरा रकाना भरणारी ओळ कदाचित आपल्याच माळ्यावरच्या पेटीत असेल.