वीस टक्के कमी कर, बाई!

समजा, अप्रेझल झालंय. तुमचं रेटिंग एकदम टॉप. टाळ्या, चेक, बॉससोबत फोटो... सगळं झालं. आणि महिना-दीड महिन्यात वरून मेल येतो, 'काम उत्तम आहे, पण पुढच्या वर्षी ते २० टक्क्यांनी कमी करा. बघायला बरं दिसेल.' काय कराल?

आयरिस काइलच्या बाबतीत चक्क हेच झालं!

कोण ही आयरिस? नाव ऐकलं नसेल तर लाजू नका. जिममध्ये घाम गाळणाऱ्या कुठल्याही पोराला अर्नोल्ड पाठ असतो, रॉनी कोलमनचे व्हिडिओ त्याच्या मोबाइलमध्ये असतात. मिस्टर ऑलिम्पिया हा बॉडीबिल्डिंगमधला सगळ्यात मोठा किताब. तो रॉनीनं आणि त्याच्या आधी ली हेनीनं आठ-आठ वेळा जिंकला. बायकांसाठीचा तसाच किताब म्हणजे मिस ऑलिम्पिया, १९८० पासूनचा. आयरिसनं तो जिंकला दहा वेळा. तरी माझ्या जिममधल्या ट्रेनरला तिचं नाव सांगितलं, तर तो म्हणाला, "कोण? टेनिसवाली का?"

असो.

आयरिसचा जन्म १९७४ चा, मिशिगन राज्यातल्या बेंटन हार्बर या छोट्या गावातला. शाळेत बास्केटबॉल, सॉफ्टबॉल, धावणं. बास्केटबॉलच्या स्कॉलरशिपवर ती मिसिसिपीतल्या अल्कॉर्न स्टेट युनिव्हर्सिटीत गेली, मग कॅलिफोर्नियात आली आणि तिथं वजनांच्या प्रेमात पडली. १९९८ मध्ये एनपीसी यूएसए ही स्पर्धा जिंकून तिनं प्रो कार्ड मिळवलं. हे कार्ड म्हणजे या धंद्यातलं लायसन्स. ते असल्याशिवाय बक्षिसाच्या पैशासाठी व्यावसायिक स्टेजवर उभंच राहता येत नाही.

पण तिची एन्ट्री झाली तीच मुळी चुकीच्या वेळी. १९९९ ची मिस ऑलिम्पिया महिनाभर आधी जवळजवळ रद्दच झाली होती. तिकिटं खपेनात, आयोजकानं अंग काढून घेतलं. शेवटी कशीबशी न्यू जर्सीत उरकली. बायका फार 'मोठ्या' झाल्यात, लोकांना बघवत नाही, असं तेव्हा उघड बोललं जायचं. मग २००० पासून दोन वजनी गट आले, लाइटवेट आणि हेवीवेट. २००१ मध्ये आयरिसनं हेवीवेट गट जिंकला. पण दोन्ही गटांतून मिळून एकच विजेती निवडायची होती आणि मुकुट गेला लाइटवेटच्या ज्युलिएट बर्गमनकडे.

तीन वर्षांनी, २००४ मध्ये आयरिसनं आठ वेळच्या विजेत्या लेंडा मरेला मागे टाकलं आणि किताब घेतला. आणि त्याच डिसेंबरात तो फतवा निघाला! आयएफबीबीच्या व्यावसायिक विभागानं बॉडीबिल्डिंग, फिटनेस आणि फिगर या तिन्ही गटांतल्या बायकांना कळवलं की स्नायू २० टक्क्यांनी कमी करा. कारण काय? सौंदर्य आणि आरोग्य.

आता हे २० टक्के मोजायचे कसे? टेपनं? काट्यावर? दंडाचे किती, मांडीचे किती? बरं, आरोग्याचंच म्हणाल तर औषधांचा प्रश्न या खेळात आहेच, तो कुणी नाकारत नाही. पण तो पुरुषांच्या बाजूलाही तेवढाच आहे. त्यांना का नाही कुणी टक्केवारी पाठवली? उलट ते वर्षागणिक फुगतच गेले आणि टाळ्या वाढत गेल्या. म्हणून मला तरी ते आरोग्याचं कारण पटत नाही.

आपल्याकडे या खेळाला शब्दच मुळी 'शरीरसौष्ठव'. सगळा वाद यातच आलाय. पुरुषाचं शरीर बघायचं आणि बाईचं सौष्ठव!

२००५ मध्ये वजनी गट गेले, मुकुट याक्सेनी ओरिकेनला मिळाला आणि आयरिस दुसरी आली. एखादी म्हणाली असती, जाऊ दे, करू या थोडं कमी. आयरिसनं काय केलं? २००६ ते २०१४, सलग नऊ वेळा जिंकली! मधे २००८ मध्ये मिस इंटरनॅशनलला परीक्षकांनी तिला थेट सातव्या नंबरवर ढकललं, तेही कमरेखाली स्नायूंवर दिसणाऱ्या उंचवट्यांमुळे. सहा-सात महिन्यांनी मिस ऑलिम्पियाच्या स्टेजवर तीच पहिली.

आता पैशाचं बोलू. २०१३ मध्ये मिस्टर ऑलिम्पियाचं पहिलं बक्षीस होतं अडीच लाख डॉलर. मिस ऑलिम्पियाचं २८ हजार. म्हणजे नऊ पटींचा फरक. आणि तयारी? दोघांची तीच. महिनोन्‌महिने मोजून खाणं, दिवसातून दोनदा व्यायाम, शेवटच्या आठवड्यांत चेहरा ओढलेला, डोकं तडकलेलं. चिकनब्रेस्ट काही बायकांना स्वस्त मिळत नाही!

दरम्यान आयोजकांनी नवीन गट काढला होता, विमेन्स फिजिक. स्नायू हवेत, पण बेतानं. यात पोझ देताना मूठ आवळायची नाही, तळहात उघडे ठेवायचे. २०१३ मध्ये ऑलिम्पियात हा गट पहिल्यांदा आला आणि डॅना लिन बेलीनं तो जिंकला. आधी तीच फिगर गटात 'फार मस्क्युलर' म्हणून मागे पडायची! तेव्हा नवा गट वाईट होता असं मी म्हणणार नाही. अनेकजणींना त्यानं जागा दिली. फिगरही तसंच. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत नोकरी करता करता दीपिका चौधरी आयएफबीबी प्रो झाली, ती फिगर गटातूनच. फक्त नवीन खोली बांधताना जुनी पाडायची काय गरज होती?

पाडलीच. २०१४ ला दहावा किताब घेऊन आयरिसनं निवृत्ती जाहीर केली आणि २०१५ पासून मिस ऑलिम्पियाच बंद. पुढची पाच वर्षं बायकांचं बॉडीबिल्डिंग रायझिंग फिनिक्स या वेगळ्या स्पर्धेवर तगलं. आयरिस निवृत्तीतून परतही आली, पण तो किताब पुन्हा काही मिळाला नाही.

२०२० मध्ये मिस ऑलिम्पिया परत सुरू झाली. जिंकली अँड्रिया शॉ, तीही मिशिगनचीच. (लेंडा मरेसुद्धा तिथलीच. काय पाणी आहे तिथलं, देव जाणे!) अँड्रिया आधी फिजिक गटात खेळायची. तिथून ती बॉडीबिल्डिंगमध्ये आली, म्हणजे कमी करून नव्हे, वाढवून. २०२४ पर्यंत तिनं सलग पाच किताब घेतले, मुठी आवळून.