वनस्पती उद्यानांतील परकीय वनस्पतींचे जोखीम मूल्यांकन

वनस्पती उद्यानांतील परकीय वनस्पतींचे जोखीम मूल्यांकन म्हणजे उद्यानात लावलेली किंवा लावावयाची परकीय वनस्पती कुंपणाबाहेर पसरून तेथील जंगल, शेती वा पाणवठ्यांना उपद्रवकारक ठरेल काय, याचा शास्त्रीय पद्धतीने बांधलेला अंदाज होय. हे मूल्यांकन शक्यतो वनस्पती आणण्यापूर्वी केले जाते. मात्र उद्यानांतील जुन्या संग्रहांनाही ते लागू करता येते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या १०० अत्यंत उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या यादीतील निम्म्याहून अधिक वनस्पतींच्या आरंभीच्या लागवडीशी वा प्रसाराशी वनस्पती उद्यानांचा संबंध असल्याचे फिलिप ह्यूम यांनी २०११ मध्ये दाखवून दिले.

पार्श्वभूमी

अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत युरोपीय सत्तांनी वसाहतींमध्ये अनेक वनस्पती उद्याने स्थापन केली. रॉबर्ट किड यांनी १७८७ मध्ये कोलकात्याजवळ शिबपूर येथे सुरू केलेले उद्यान त्यांपैकीच एक. मसाले, लाकूड, औषधे व शोभेची झाडे यांच्या उपयुक्त जाती दूरदेशांतून आणून स्थानिक हवामानात रुजवणे, हा अशा उद्यानांचा एक प्रमुख हेतू होता. नव्या मातीत लवकर रुजणारी, भरपूर बी धरणारी आणि कमी देखभालीत तगणारी जात यशस्वी मानली जाई. कुंपणाबाहेर पडलेल्या वनस्पतीला पसरण्यास उपयोगी पडणारे गुणही हेच असतात. निवडीच्या निकषांतच जोखीम दडलेली असल्यामुळे उद्यानांतील संग्रहांचा विचार इतर लागवडीपेक्षा वेगळ्या प्रकारे करावा लागतो.

प्रमुख उदाहरणे

घाणेरी किंवा टणटणी या नावांनी महाराष्ट्रात परिचित असलेले लँटाना हे उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील झुडूप एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कोलकात्याच्या उद्यानात शोभेसाठी आणले गेले. पुढे कुंपणासाठीही त्याची लागवड झाली आणि त्याची फळे खाणाऱ्या पक्ष्यांनी बी रानोमाळ पसरवले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतातील वाघांचा अधिवास असलेल्या जंगलांपैकी सुमारे ४० टक्के क्षेत्रात घाणेरी पसरली आहे. तथापि, तिची लागवड अनेक ठिकाणी व अनेकांनी केल्यामुळे या साऱ्या प्रसाराचे मूळ एकाच उद्यानात शोधता येत नाही.

मिकोनिया कॅल्वेसेन्स हे मोठ्या, खालून जांभळ्या पानांचे झाड १९३७ मध्ये ताहिती बेटावरील एका वनस्पती उद्यानात शोभेसाठी लावले गेले. पुढील काही दशकांत त्याने बेटाचा सुमारे दोन तृतीयांश भाग व्यापला. त्याच्या दाट सावलीत स्थानिक रोपे वाढू शकत नाहीत आणि मुळे उथळ असल्याने तीव्र उतारांवर माती घसरण्याचा धोका वाढतो.

इंग्लंडमधील ऑक्सफर्डच्या उद्यानातून निसटलेली सेनेसिओ स्क्वॅलिडस ही पिवळ्या फुलांची वनस्पती मूळची सिसिलीतील एटना ज्वालामुखीच्या परिसराशी निगडित आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस ती ऑक्सफर्डच्या भिंतींवर उगवू लागली होती. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आल्यावर रुळांखालील खडी व कोळशाची राख यांत तिला लाव्हारसाच्या खडकाळ जमिनीसारखी जागा मिळाली आणि ती रुळांच्या कडेने दूरवर पसरली.

विलंबकाल

वनस्पतीचे आगमन आणि तिचा प्रत्यक्ष प्रसार यांमधील अवधीस विलंबकाल म्हणतात. जर्मनीतील ब्रांडेनबुर्ग भागात आणलेल्या परकीय झाडाझुडपांच्या १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा काळ सरासरी १४७ वर्षे आढळला. त्यामुळे एखादी जात शंभर वर्षे उद्यानात निरुपद्रवी राहिली, एवढ्यावरून ती सुरक्षित ठरत नाही. मधल्या काळात परागण करणारा कीटक किंवा बी वाहून नेणारा पक्षी तेथे येऊ शकतो, जवळच्या जातीशी संकर होऊ शकतो, हवामान बदलू शकते किंवा रेल्वेसारखा नवा मार्ग खुला होऊ शकतो.

मूल्यांकनाची पद्धत

ऑस्ट्रेलियाने १९९७ मध्ये स्वीकारलेली तण-जोखीम मूल्यांकन पद्धत सर्वाधिक प्रचलित असून हवाईसह अनेक प्रदेशांनी ती आपापल्या परिस्थितीनुसार बदलून घेतली आहे. तीत ४९ प्रश्न असतात. ते वनस्पतीचा इतिहास व भौगोलिक प्रसार, तिचे अनिष्ट गुणधर्म आणि तिचे जीवशास्त्र व परिस्थितिविज्ञान अशा तीन गटांत मोडतात. उत्तरांच्या गुणांची बेरीज १ पेक्षा कमी आल्यास वनस्पतीला प्रवेश देतात, १ ते ६ आल्यास अधिक तपासणी करतात आणि ६ पेक्षा जास्त आल्यास प्रवेश नाकारतात. ती जात अन्यत्र तण ठरली आहे काय आणि तिच्या मूळ प्रदेशाचे हवामान नव्या प्रदेशाशी जुळते काय, या प्रश्नांना विशेष महत्त्व असते.

उद्यानासाठी याखेरीज स्थानिक घटकही तपासावे लागतात. लावलेल्या रोपांची संख्या, लगतच्या जंगलाचे व ओढ्याचे अंतर, फळे खाणारे पक्षी, पालापाचोळ्याची विल्हेवाट आणि इतर उद्यानांशी होणारी बियाण्यांची देवघेव हे त्यांपैकी प्रमुख होत. टांझानियातील पूर्व उसांबारा पर्वतरांगेत १९०२ मध्ये स्थापन झालेल्या अमानी उद्यानातील जुन्या लागवडीची पाहणी हे या प्रकारच्या अभ्यासाचे महत्त्वाचे उदाहरण आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत, मूळ लागवडीतून टिकून असलेल्या २१४ परकीय जातींपैकी ३८ जाती आपोआप पुनरुत्पादन करत स्थिरावल्याचे, तर १६ जाती दूरवर पसरत असल्याचे आढळले.

मर्यादा

आणलेल्या वनस्पतींपैकी थोड्याच आक्रमक होतात. त्यामुळे चांगली चाचणीही अनेकदा चुकते. समजा, १,००० जातींपैकी २० जाती आक्रमक आहेत आणि चाचणी दोन्ही प्रकारच्या जाती ९० टक्के वेळा अचूक ओळखते. अशा वेळी १८ आक्रमक जाती नाकारल्या जातील. पण त्यांच्याबरोबर ९८ निरुपद्रवी जातीही नाकारल्या जातील. म्हणजेच नाकारलेल्या ११६ जातींपैकी सहा-सातांत एकच खरोखर धोकादायक असेल. उरलेल्या २ आक्रमक जाती मात्र उद्यानात प्रवेश मिळवतील. कोणती चूक अधिक महाग पडेल, हे गुणांच्या बेरजेवरून ठरत नाही. एक झुडूप नाकारण्याचे नुकसान मर्यादित असते. पसरलेली जात समूळ काढणे बहुधा अशक्य होते.

याउलट, दुर्मीळ वनस्पतींचे संवर्धन हेही उद्यानांचे कार्य असल्याने सरसकट नकार देणे शक्य नसते. मूळ प्रदेशात संकटग्रस्त असलेली जात अन्यत्र आक्रमक ठरू शकते. मुख्यतः वनलागवडीद्वारे पसरलेले माँटेरे पाइन हे कॅलिफोर्नियातील झाड मूळ प्रदेशात संकटग्रस्त आहे, तर दक्षिण आफ्रिका व ऑस्ट्रेलियात ते आक्रमक मानले जाते.

आचारसंहिता व उपाययोजना

अमेरिकेतील सेंट लुइस येथे २००१ मध्ये वनस्पती उद्याने, रोपवाटिका व उद्यानरचनाकार यांच्यासाठी ऐच्छिक आचारसंहिता तयार झाल्या. युरोपातील वनस्पती उद्यानांसाठीची आचारसंहिता २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. नव्या जातींचे आधी मूल्यांकन करणे, संशयित जातींचे बी देवघेवीच्या यादीतून वगळणे, फळे पिकण्यापूर्वी तोडणे, उद्यानाच्या सीमेलगत नियमित पाहणी करणे आणि पसरू लागलेली जात वेळीच काढून टाकणे, हे उपाय सामान्यतः सुचवले जातात. २०२२ च्या कुनमिंग-माँट्रियल जागतिक जैवविविधता आराखड्यात आक्रमक परकीय प्रजातींचे आगमन व स्थिरावणे यांचे प्रमाण २०३० पर्यंत किमान ५० टक्क्यांनी घटवण्याचे उद्दिष्ट आहे.

लागवडीच्या तारखा, बियाण्यांचे मूळ ठिकाण आणि रोपांची वाढ यांच्या दीर्घकालीन नोंदी उद्यानांकडे असतात. एखादी जात कुंपणाबाहेर प्रथम केव्हा उगवली, हे अशा नोंदींशी ताडून पाहता येते. त्यामुळे प्रसाराचा धोका वेळीच लक्षात येण्याच्या दृष्टीने या नोंदी महत्त्वाच्या मानल्या जातात.