कळफलकाचें सोंग

वाचकहो, संगणकास कळफलक जोडतांच तो त्यास कसा ओळखतो बरें? कळफलक यूएसबीच्या तारेंतून स्वतःच 'मी कळफलक आहें' असें कळवितो, आणि संगणक तें निमूटपणें खरें मानतो. म्हणूनच तळहाताएवढ्या बोर्डासही कळफलकाचें सोंग घेतां येतें.

इ. स. २०१२ मध्यें निघालेल्या आर्डुइनो लिओनार्डो बोर्डावरील एटीमेगा ३२यू४ या चिपमध्यें यूएसबीची सोय अंगचीच आहे. बोर्डास एक बटण जोडावें. तें दाबतांच 'प्रेस' व सोडतांच 'रिलीज' ही आज्ञा द्यावी. संगणकाकडे अक्षर जात नाहीं, कळेचा अंक जातो. इंग्रजी 'ए'चा अंक ४. आम्ही प्रथम दुसरी आज्ञा विसरलों, तों एकच अक्षर पानभर धांवत सुटलें! संगणकाच्या मतें कळ दाबलेलीच होती.

ज्याचीं बोटें अधू आहेत अशा मुलास मोठें बटण दाबून पडद्यावरील पुस्तकाचें पान उलटतां येईल, हा या विद्येचा सदुपयोग होय. परंतु हेंच सोंग घेऊन एखादें उपकरण मालकाच्या नकळत घातक आज्ञाही टंकूं शकतें. यास्तव अनोळखी यूएसबी कांडी संगणकास कदापि लावूं नये. संगणक भोळा आहे; सावध आपणच राहिलें पाहिजे.