साठपट स्कोप आणि सहाशेची लेन्स

उजनीच्या फुगवट्यात भिगवणच्या काठावरून दूरचे रोहित न्याहाळताना, तिपाईवरच्या स्पॉटिंग स्कोपवर ‘२०–६०×८०’ आणि शेजारच्या लेन्सवर ‘६०० मिमी’ असे आकडे वाचून नवागत हमखास विचारतो की, यांत वरचढ कोण? वस्तुतः पहिल्या आकड्यांत कोनीय विवर्धन आणि भिंगाचा व्यास आहे, दुसऱ्यात केवळ नाभीय अंतर. तथापि फुल-फ्रेम कॅमेऱ्यात ५० मिमीला एकपट मानण्याचा जो स्थूल प्रघात आहे, त्या हिशेबाने ६०० मिमी म्हणजे बारापट, आणि स्कोपचे साठपट म्हणजे तब्बल ३००० मिमी ठरते.

एवढ्यावरून स्कोपच्या बाजूने निकाल देऊ नये. ८० मिमी भिंगातून वीसपटीला डोळ्यात येणारी प्रकाशशलाका ४ मिमी रुंद असते, ती साठपटीला जेमतेम १.३ मिमी उरते. सबब सांजवेळी पक्षी मोठा दिसतो खरा, पण काळवंडतो, आणि भर दुपारी तापलेल्या हवेची थरथरही त्याच पटीत वाढते. (तिशीपुढचे आकडे मला तरी बहुधा विक्रेत्यांच्याच सोयीचे वाटतात.) उलट ६०० मिमी एफ/४ लेन्सचे तोंड १५० मिमीचे, शिवाय टिपलेले चित्र घरी कातरून मोठे करण्याची मुभा.

पट्टकदंबाच्या मानेतील पट्ट्यावरचा क्रमांक तासभर ताटकळून वाचायचा तर स्कोप. उडत्या पक्ष्याचा दाखला ठेवायचा तर लेन्स. वीसपट स्कोपला २६ मिमी समतुल्य मोबाईल जोडला, तर ५२० मिमीचे काम स्वस्तात भागते.