आधी तक्रार, मग शस्त्रक्रिया

चातुर्मास संपला की घराघरांत विवाहाची बोलणी सुरू होतात. बायोडेटा तयार होतो, छायाचित्रे काढली जातात आणि एखाद्या घरी मोठ्यांच्या बैठकीत हलक्या आवाजात विषय निघतो: मुलीचे नाक जरा बसके आहे, लग्नाआधी काही करता येईल का? त्याच घरातील थोरल्या मुलाचे केस कपाळावरून मागे सरू लागलेले असतात आणि दोन बाळंतपणांनंतर सुनेच्या पोटाची कातडी सैलावलेली असते. पूर्वी हे बोलणे सुस्काऱ्यापाशी थांबे. आता ते दवाखान्याच्या दारापर्यंत जाते. त्यात लाजण्यासारखे काही नाही. मात्र ज्या घरात सोन्याची बांगडी घेताना वजन, शुद्धता आणि घडणावळ तीन तीनदा विचारली जाते, त्याच घरात शस्त्रक्रिया नुसत्या नावावरून निवडली जावी, हे खटकते.

कर्जाचा अर्ज समोर आला की बँकेतला माणूस प्रथम विचारतो, पैसा कशासाठी हवा? रक्कम, मुदत, तारण हे सारे नंतरचे. येथेही क्रम तोच असावा. ‘मला लायपोसक्शन करायचे आहे’ ही तक्रार नव्हे, ती स्वतःच लिहून घेतलेली औषधाची चिठ्ठी झाली. ‘दुसऱ्या बाळंतपणानंतर पोटाची कातडी लोंबते आणि उठताबसता मध्यरेषेवर फुगवटा येतो’ ही तक्रार. ती ऐकल्यावर जाणता शल्यचिकित्सक बहुधा लायपोसक्शनचे नावही काढणार नाही.

पोटाचेच उदाहरण थोडे उलगडून पाहण्यासारखे आहे, कारण चुकीची निवड येथे फार सहज होते. पोट पुढे दिसण्याची कारणे निदान चार. कातडीखाली साठलेली चरबी. आतड्यांभोवती, पोटाच्या पोकळीत साठलेली चरबी. सैल झालेली कातडी. आणि गरोदरपणात मध्यरेषेवर एकमेकांपासून दूर गेलेले स्नायू. लायपोसक्शन यांतील केवळ पहिल्या कारणावर चालते. बारीक छेदातून नळी आत घालून कातडीखालची चरबी खेचून घेतली जाते. १९७०च्या दशकात ही पद्धत युरोपात आकाराला आली आणि पुढे भुलीचे औषध मिसळलेले खारे पाणी आधी आत भरण्याची रीत रूढ झाल्यावर रक्तस्राव पुष्कळ कमी झाला. तरीही हा वजन उतरवण्याचा उपाय नव्हे. एका वेळी पाच लिटरहून अधिक चरबी व द्रव काढणे हे मोठे व अधिक जोखमीचे काम मानले जाते.

गादीवर बसून बसून ज्यांचे पोट ढोलासारखे घट्ट आणि गोल झाले आहे, त्यांनी उभे राहून पोटाची कातडी चिमटीत धरून पाहावी. चिमटीत फारसे काही येत नसेल, तर चरबी आतली आहे आणि तिथे कोणतीही नळी पोहोचत नाही. अशा पोटाला आहार, चालणे आणि साखर व रक्तदाबाची तपासणी, एवढाच मार्ग. लोंबत्या कातडीचे आणि सुटलेल्या स्नायूंचे दुखणे मात्र ‘टमी टक’ या शस्त्रक्रियेने सुधारते. तिच्यात ओटीपोटाखाली, एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत आडवा छेद घेतात, स्नायू शिवून जवळ आणतात, जादा कातडी काढून टाकतात आणि बेंबीला नवी जागा करून देतात. तो लांब व्रण पुसट होतो, पण पुरता जात नाही. काही आठवडे पट्टा बांधावा लागतो, जड उचलता येत नाही. पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाण्याचा धोका असल्यामुळे रुग्णाला लवकर चालते करतात. आणखी मूल हवे असेल, तर ही शस्त्रक्रिया नंतरच बरी. सुनेने ‘चरबी काढून’ घेतली आणि कातडी आणखीच लोंबू लागली, अशी हळहळ ऐकायला मिळते, ती या दोहोंतला फरक आधी न समजल्यामुळे.

नाकाच्या बाबतीत महाराष्ट्राला एक जुना वारसा आहे. १७९२च्या युद्धात इंग्रज सैन्यातील कावसजी नावाचा बैलहाक्या टिपू सुलतानाच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. पुढे पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतील एका वैद्याने त्याला कपाळाच्या कातडीचे नवे नाक बसवले. आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून माप घेतले, तो पत्रा सपाट करून कपाळावर आखणी केली आणि मगच शस्त्र चालवले. ही हकिकत १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये सचित्र छापली गेली. ती वाचूनच जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यचिकित्सकाला प्रेरणा मिळाली आणि दोन दशकांनी त्याने लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया यशस्वी केली. सुश्रुतसंहितेतही नाक घडवण्याचे वर्णन आहे. तिथे कातडी गालाची घेतलेली.

कावसजीला नाकच नव्हते, म्हणून त्याची तक्रार समजावून सांगावी लागली नाही. आज विवाहयोग्य मुलीच्या नाकाची तक्रार नेमकी कोणाची, हे मात्र विचारावे लागते. तिची स्वतःची, आईची, की फोटो पाहून नकार कळवणाऱ्या घराची? म्हणून चांगले शल्यचिकित्सक मुलीशी एकटीशी बोलण्याचा आग्रह धरतात. त्या वेळी पालकांनी बाहेर बसावे; तो अपमान समजू नये. चेहऱ्याची वाढ पूर्ण होण्याआधी नाकाला हात लावत नाहीत. आणि नाकातून श्वास नीट येत नसेल, तर तेही आवर्जून सांगावे. आतला पडदा वाकडा असेल, तर त्याची दुरुस्ती हा उपचार ठरतो, बाहेरचा घाट बदलणे हे सौंदर्यकर्म. विम्याच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे.

केसरोपणात नवे केस निर्माण होत नाहीत. डोक्याच्या मागच्या भागातील टिकाऊ केस पुढे लावले जातात आणि तो साठा मर्यादित असतो. बाविशीच्या मुलाने तो एकदाच पुढच्या रेषेवर खर्चून टाकला आणि मागचे टक्कल वाढतच गेले, तर तिशीत हाती काहीच उरत नाही. म्हणून केसगळती स्थिरावेपर्यंत औषधोपचार करून थांबणे बरे. पापण्यांवरची सैल कातडी काढणे हे त्या मानाने लहान काम. परंतु डोळे कोरडे पडत असतील, तर आधी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.

सुरकुत्यांवरच्या बोटॉक्सच्या सुईचा परिणाम साधारण तीन-चार महिने टिकतो, म्हणजे तो खर्च वर्षातून तीन वेळा धरावा. गालात वा ओठांत भरायच्या फिलरविषयी आपल्या घरांत एक प्रश्न अवश्य विचारला जावा. पूर्वी काही फिलर गुरांच्या कातडीपासून, तर काही कोंबड्याच्या तुऱ्यापासून बनत. आज पुष्कळसे जिवाणूंच्या किण्वनातून बनतात. तरी वेष्टनावरील मजकूर पाहून घ्यावा. रात्रिभोजनाचा त्याग वा उपवास असल्यास तेही डॉक्टरांना आधीच सांगावे, कारण औषधांच्या वेळा बसवाव्या लागतात आणि जखम भरायला पाणी व प्रथिने लागतात.

आता खर्च. आरोग्य विम्यात सौंदर्यशस्त्रक्रिया सामान्यतः बसत नाही. अपघात, भाजणे वा कर्करोगानंतरची पुनर्रचना बसते. वैद्यकीय सेवा जीएसटीमधून मुक्त असल्या, तरी केसरोपण आणि सौंदर्यशस्त्रक्रिया त्या सवलतीबाहेर आहेत. जन्मजात व्यंग वा इजा दुरुस्त करायची असेल तरच सूट. बिल पेढीच्या नावावर घेऊन इनपुट क्रेडिट मिळवण्याचा विचार कोणाच्या मनात आलाच, तर कलम १७(५) एकदा वाचावे. ‘पॅकेज’च्या आकड्यात भूलतज्ज्ञ, औषधे, पट्टा आणि बिघाड झाल्यास दुसरी शस्त्रक्रिया धरली आहे का, हे लेखी घ्यावे. आजच पैसे भरा, उद्या भाव वाढेल, असे जिथे सांगतात तिथून उठावे.

करणाऱ्याची पदवी पाहावी: प्लास्टिक सर्जरीतील एम.सी.एच. किंवा डी.एन.बी. आणि राज्य वैद्यक परिषदेची नोंदणी. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये केसरोपणासंबंधी स्पष्टच सांगितले की, कार्यशाळांत किंवा यूट्यूबवर पाहून मिळालेले शिक्षण पुरेसे नाही. भूल कोण देणार आणि रात्री त्रास झाला तर अतिदक्षता विभाग कुठे, हेही विचारावे.

राहिला मुहूर्त. नाकाची बरीचशी सूज काही आठवड्यांत उतरते, पण शेंडा पूर्ण बसायला वर्षही लागते. रोपलेले केस आधी गळतात आणि नीट दिसायला नऊ-दहा महिने घेतात. वैशाखात लग्न असेल, तर माघात शस्त्रक्रियेचा दिवस ठरवू नये. आदल्या वर्षीच ठरवावा, नाहीतर लग्नानंतर मुलगी स्वतः ठरवील.