समुद्राकडे पाठ फिरवलेली भीमा

कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत निघालेल्यांच्या पायांना खरा चढ लागतो तो शेवटी, घाटात. हा बालाघाट. नकाशात तो डोंगररांग म्हणून दिसतो, पण घाट चढून वर गेलं की पलीकडचा उतार काही येत नाही, पुन्हा माळच लागतो. सह्याद्रीचंही तेच. कोकणातून पाहिला तर छाती दडपणारा कडा. सोलापूरकडून जाणाऱ्याला मात्र आपण चढतोय हेही फारसं कळत नाही.

याचं कारण असं की हे हिमालयाच्या जातीचे डोंगर नव्हेत. भारताचा भूपट्ट सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी आशियाला धडकला, खडकांचे थर दुमडले, एकमेकांवर चढले आणि हिमालय उभा राहिला. आपल्याकडे दुमडलं काहीच नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा पसरला, थरावर थर साचले. भूशास्त्राच्या हिशेबात त्याच सुमारास सेशेल्सचा तुकडा भारतापासून तुटला आणि पश्चिम किनाऱ्यालगतची जमीन भेगाळून खचली. पनवेलजवळ लाव्हाचे थर समुद्राकडे कललेले दिसतात ते त्यामुळेच.

सह्याद्री म्हणजे त्या फाटलेल्या पठाराची कड. पण ती फाटली तिथे राहिलेली नाही. कोकणातला धुवांधार पाऊस कडा खात गेला आणि कडा पूर्वेकडे सरकत गेला. एवढा खडक वाहून गेल्यावर भूकवचावरचा भार हलका झाला, कड वर उचलली गेली आणि पठार पूर्वेला कललं. म्हणून तर भीमाशंकरला उगम पावणारी भीमा, अरबी समुद्र शंभर किलोमीटरच्या आत असूनही, त्याच्याकडे पाठ फिरवून पंढरपूरकडे येते आणि पुढे कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराला जाते.

बालाघाट तर निव्वळ नद्यांचं कोरीवकाम. गोदावरी आणि भीमा यांच्या खोऱ्यांमध्ये जे झिजायचं राहिलं, ते उरलं. वरचा कठीण काळा पाषाण तग धरतो, खालचा जाळीदार थर आधी कुजतो. म्हणून माथा सपाट आणि बाजू पायऱ्यापायऱ्यांची. कुजलेल्या खडकाचा मुरूम होतो, मुरमाची काळी माती. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी पिकते ती याच मातीत. झीज म्हणजे नुसता नाश, हे निदान आपल्या जिल्ह्यात तरी कुणी म्हणू नये.

भूपट्ट मात्र अजून थांबलेला नाही. भारत आजही वर्षाला सुमारे 5 सेंटिमीटर वेगाने उत्तरेकडे रेटतो आहे. आशियाशी चाललेल्या या रेटारेटीचा ताण पठाराच्या पोटातही साठतो आणि खडकातली एखादी जुनी, कमकुवत भेग सरकते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणेश विसर्जन आटोपून माणसं झोपलेली असताना, किल्लारीला 6.2 तीव्रतेचा भूकंप झाला. सोलापूरपासून सरळ रेषेत हे अंतर ऐंशीएक किलोमीटर. हजारो माणसं गेली. पुढे तिथे घेतलेल्या विंधनछिद्रात 338 मीटर बेसाल्टखाली, म्हणजे लाव्हाच्या थरांखाली, गाळाचा पातळ थर आणि त्याखाली अतिप्राचीन खडक लागला.

हिमालयाच्या पायथ्याशी असे धक्के पुन्हा पुन्हा बसतात आणि डोंगर वाढतो. किल्लारीच्या शेतांत जमीन जेमतेम मीटरभर उचलली गेली. इथे एका धक्क्यापासून दुसऱ्यापर्यंत इतका काळ जातो, की तेवढा उंचवटा पाऊस आणि नांगर मधल्या मध्ये सपाट करून टाकतात.